पहारेदाराचा निळा

नागपूरच्या व्हरायटी चौकातला तो सिनेमाचा मोठा फलक त्या दिवशी अर्धाच लागला होता. बांबू बांधून दोन माणसं वर चढली होती आणि रंगवलेल्या फळ्या खालून वर अशा एकेक करून ठोकत होती. त्यामुळे दिसत होते ते फक्त बूट, कमरेचा रुंद पट्टा आणि हातमोजा घातलेला एक हात. धड आणि डोकं खाली हातगाडीवर पालथं पडलेलं होतं. मी कचेरीला निघाले होते, पण बसमधून मध्येच उतरले आणि हातगाडीवाल्याला विचारलं की ती वरची फळी जरा उलटून दाखवता का. तो म्हणाला, जेवण झाल्यावर लावूच ना बाई, घाई काय आहे. घाई होती, पण ती त्याला काय सांगणार... बूट चांगले आहेत आणि पट्ट्याचं बक्कल जुन्यासारखंच आहे, एवढं संध्याकाळी शकूला सांगायचं मी ठरवलं. रंगाचं विचारलं तर म्हणायचं, उद्यापर्यंत दम धर. कचेरीत पोचले तर टेबलापाशी शिपाई उभा. गांधीबागेतून फोन आला होता. मी उलट फोन केला, तेव्हा शकूचा धाकटा भाऊ प्रभाकर इतकंच म्हणाला, "नलूताई, ताई गेली जी."

शकूला लहानपणी सांधेताप झाला होता आणि जाताना तो तिच्या हृदयाची झडप बिघडवून गेला. जिना चढली की ती मध्येच थांबायची आणि आपण मुद्दामच थांबलो आहोत असं दाखवत भिंतीचा रंग बघायची. रंग बघणं हा तिचा धंदाच होता म्हणा. गांधीबागेत तिच्या वडिलांचं अस्तराचं आणि ब्लाउजपीसचं दुकान होतं. बाबूजी थकल्यावर गल्ल्यापाशी प्रभाकर आणि कापडापाशी शकू अशी वाटणी झाली. बाई साडी घेऊन आली की शकू पदर चिमटीत धरायची, फळीकडे न बघताच हात घालून एक ठाण काढायची आणि तिथे काउंटरवर काहीच न बोलता ते दोन्ही घेऊन ओट्यावर जायची. ट्यूबलाइटखाली झालेलं मॅचिंग ती मॅचिंग मानतच नसे. "आत सगळेच सारखे दिसतात वं, बाहेर उजेडात पाहा," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे, की दुसऱ्या कुठल्याही दुकानात काही घ्यायचं म्हटलं तरी माझे पाय आधी दाराकडे वळतात.

आमची मैत्री झाली ती मात्र अंधारात. एकसष्ट-बासष्ट साल असेल. आम्ही दोघी एका शाळेत होतो, पण घरं अगदी वेगळी. माझे वडील कारकून, घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं आणि त्याचा तोरा अजून न उतरलेलं. आमच्याकडे सिनेमा म्हणजे देवादिकांचा, तोही वर्षातून एखादा. शकूच्या घरी रविवारचं दुकान बंद झालं की सगळे बर्डीवर सिनेमाला. तिनेच मला पहिल्यांदा ‘नीला पहरेदार’ दाखवला. आजच्या वाचकांना हे नाव ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मारामारीचा, घोड्यांचा, दोरीवरून उड्या मारण्याचा स्वस्तातला सिनेमा. रात्री गावावर पहारा देणारा एक बुरखाधारी माणूस, पाठीवर लांब शेला, तोंडावर पट्टी. तो चालला म्हणून त्याच कंपनीने आरशातून बाहेर येणारी दर्पणा काढली, मग लोखंडी हाताचा भीमा लोहार काढला. या तिघांचे वेगवेगळे सिनेमे येत राहिले आणि शेवटी एका सिनेमात तिघे एकत्र आले. तो आला तेव्हा आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. दर्पणेचा आरसा लोहाराने फोडला तर ती कुठून येईल, यावर मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची आणि शकू त्या भांडणांची सरपंच.

त्या सिनेमाच्या शेवटी पहारेदार पुलावर एकटा लढतो आणि खाली नदीत पडतो. दर्पणा आणि लोहार काठावर येतात. पाण्यावर शेला तरंगत असतो आणि पडद्यावर येतं... पुढच्या भागात पाहा. तो पुढचा भाग आलाच नाही. कंपनी बुडाली, कोणी म्हणे मालक वारला, कोणी म्हणे भागीदारांचं फाटलं. बाकी पोरी काही महिन्यांत विसरल्या, मीही बऱ्यापैकी विसरले. शकू विसरली नाही. तो वाचला असेल का, हा प्रश्न तिने पुढे कोणाकोणाला विचारला असेल याची गणती नाही. एकदा तिला पाहायला मुलगा आला होता, शिकलेला, बऱ्या घरचा. त्याला तिने चहा देताना हेच विचारलं. असले सिनेमे आपण बघत नाही असं तो जरा तुसडेपणाने म्हणाला आणि शकूने आत येऊन आईला सांगितलं की मुलगा बरा आहे, पण मले नाही जमणार. पुढे तब्येतीचं निमित्त झालं आणि स्थळं येणंही थांबलं. ती त्याबद्दल कधी कुढली नाही. मला वाटतं तिला माणसांत एकच गोष्ट हवी असायची, पुढे काय झालं असेल याची उत्सुकता. ती नसली की शकू त्या माणसाला मनातल्या मनात घडी घालून फळीवर ठेवून द्यायची.

आता आमच्या भांडणाविषयी. ते सारे सिनेमे काळे-पांढरे होते. नाव निळा पहारेदार, पण निळा कोणी पाहिलेलाच नाही. माझ्या मते त्याचा शेला शाईसारखा गडद निळा होता, रात्री हिंडायचं तर दुसरा कुठला असणार. शकू म्हणायची तो चिंतामणी होता, साड्यांतला तो लख्ख निळा, चिंतामणीत थोडी शाई मिसळावी तसा. मी म्हणायची, तुला कसं कळलं? ती ठामपणे म्हणायची, मी पाहिला आहे, उन्हात पाहिला आहे. काळा-पांढरा सिनेमा उन्हात कसा पाहिलास असं विचारलं की चिडायची आणि दोन दिवस अबोला. आम्ही दोघी बायामाणसं झालो, मी नोकरीला लागले, मला मुलं झाली, तरी एखादी बाई निळी साडी घेऊन दुकानात आली की शकू माझ्याकडे भुवई उंचावून बघायची. मीही हार मानत नसे. दोघींनाही ठाऊक होतं की याचा निकाल कधी लागणार नाही, म्हणूनच भांडायला मजा यायची.

आणि मग निकाल लागायची वेळ आली. तीन-चार वर्षांपूर्वी शकूने मला दुकानात बोलावून घेतलं. तिच्या हातात एक सिनेमाचं मासिक होतं. मुंबईच्या कोणा नव्या निर्मात्याने त्या जुन्या कंपनीचे हक्क घेतले होते आणि तो पहारेदार, दर्पणा, लोहार सगळे पुन्हा काढणार होता. रंगीत, मोठ्या पडद्याचे, नवी माणसं घेऊन. मला वाटलं होतं ती नाचेल, पण ती ओट्यावर बसून तीच चार वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत होती. कारण त्यात लिहिलं होतं की गोष्ट अगदी पहिल्यापासून सुरू होणार. "पहिल्यापासून म्हंजे काय वं नलू?" ती म्हणाली. "मंग तो पुलावरून पडला, ते झालंच नाही का? मी इतकी वर्षं कोनाची वाट पाहून राहिली?"

मला तेव्हा हसू आलं होतं, पण नंतर विचार करत बसले. खरंच, झालेलं झालंच नाही असं कसं करणार? नव्या पहारेदाराला जुन्या पहारेदाराचं काय झालं ते माहीत असेल का? पुढचे कित्येक महिने आमचं दुसरं बोलणं नव्हतं. शकूच्या आशा मोठ्या होत्या आणि काळज्या त्याहून मोठ्या. आरशातून येण्याची करामत आता चांगली जमेल, ही आशा. दर्पणेला बर्फात नाचायला लावतील, ही काळजी. लोहाराचा हात पूर्वी पत्र्याचा वाटायचा, आता खरा लोखंडी वाटेल, ही आशा, आणि लोहारालाच विदूषक करून टाकतील, ही काळजी. ओट्यावर बसणाऱ्या गिऱ्हाइकांनाही तिने यात ओढलं होतं. मौद्याहून दर महिन्याला येणाऱ्या एक शिवणकामवाल्या बाई होत्या, त्या आल्या की आधी विचारायच्या, काय म्हनते आपला पहारेदार, आणि मग अस्तराचं बोलायच्या. पण सगळ्यांच्या वर होता तो रंग. शकू म्हणायची, बाकी काही करा, शेला तेवढा बरोबर करा.

याच गप्पांत एक दिवस बाबूजींनी तोंड उघडलं. ते तोवर फार थकले होते, गादीवर लोडाला टेकून डोळे मिटून असायचे, आणि आम्हाला वाटायचं त्यांना ऐकू येत नाही. आमचं चिंतामणी की शाई चाललेलं होतं. शकू नेहमीचं म्हणाली, मी उन्हात पाहिला आहे. बाबूजी डोळे न उघडताच हसायला लागले. "अवं, पाहशील नाही तं काय," ते म्हणाले. "टांग्यावर पाहिला तू. तो कपडा आपल्याच दुकानातला होता."

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. त्या काळी नवा सिनेमा लागला की थिएटरवाले टांगा फिरवत. दोन्ही बाजूंना पोस्टरं, एक ताशेवाला, आणि मध्ये उभा सिनेमातल्यासारखा सजवलेला माणूस, पत्रकं उधळणारा. पहारेदार लागला तेव्हा तालमीतला एक पैलवान उभा केला होता. थिएटरचा मॅनेजर बाबूजींच्या ओळखीचा. तो म्हणाला, शेल्यासाठी काही तरी निळं द्या. आता झालं असं होतं, की शाळेच्या गणवेशाच्या अस्तरासाठी बाबूजींनी गडद निळं कापड मागवलं होतं आणि रंगारी कुठे तरी चुकला होता. ठाणं आली ती ना गडद ना फिकी, कोणत्याच शाळेला न चालणारी आणि कोणत्याच साडीला न जुळणारी. परत घेईना कोणी आणि विकतही घेईना. बाबूजींनी त्यातलंच फाडून दिलं. म्हणजे आमच्या पहारेदाराचा निळा हा मुंबईचा नव्हताच. तो एका रंगाऱ्याची चूक होता, आणि शकूने तो वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी भर उन्हात, बापाच्या ओट्यावरून पाहिला होता.

मला वाटलं ती हिरमुसेल. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी भांडलो ती आपल्याच घरची निघाली तर माणूस खट्टू होतोच. पण शकू लगेच उठली. तिने प्रभाकरला शिडी धरायला लावली आणि आम्ही नको नको म्हणत असताना, दोन-दोन पायऱ्यांवर दम खात, ती थेट वरच्या फळीपर्यंत चढली. जुन्या ठाणांमागून तिने एक गुंडाळी काढली. घड्यांच्या कडांचा रंग उडून गेला होता, पण आतला भाग कोरा होता. ती खाली आली, ओट्यावर गेली आणि कापड उन्हात धरून उभी राहिली. धाप लागली होती तरी चेहरा असा, की जणू कोणी हरवलेलं माणूस घरातच सापडलं. "तो वाचला वं," ती म्हणाली. "वर बसून होता इतकी वर्षं."

त्यानंतर तिची नव्या सिनेमाकडे बघण्याची तऱ्हा बदलली. भीती गेली नाही, पण तिच्यात गंमत आली. मुंबईवाले कुठला निळा काढतील यावर ती पैजा लावू लागली. सिनेमा मात्र रखडत गेला. कधी म्हणे नायक पडून पाय मोडला, कधी म्हणे सेट जळाला. दरम्यान बाबूजी गेले आणि शकूचं दुकानात येणंही कमी झालं. पाय सुजायचे, आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं, पण तिला ती झेपेल असं कोणी छातीठोक सांगेना. ती मागच्या खोलीत खिडकीजवळ पलंगावर उशांना टेकून बसायला लागली. शेवटी सिनेमा मुंबईत लागला. नागपूरला नेहमीप्रमाणे नंतर येणार. मधल्या काळात तिची एक मामेबहीण मुंबईहून आली, ती पाहून आली होती. शकूने दोन्ही कानांत बोटं घातली. "मले सांगू नका. मी उजेडात... नाही, अंधारातच पाहीन, पन माझ्या डोळ्यानं पाहीन." सगळे हसले. मी तिच्या घोट्यांकडे बघत होते आणि मला रडू येत होतं. तिला सिनेमापर्यंत पोचता येईल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तो तिच्याही डोक्यात असणार.

आमची शेवटची भेट त्याच खिडकीपाशी झाली. ऊन पलंगावर आलं होतं आणि शकूच्या हातात सुई होती. मी आत आले तसं तिने काहीतरी पांघरुणाखाली सरकवलं. मला वाटलं उशीचा अभ्रा शिवत असेल, आणि मी रागावले की आता कशाला हे. तिने विषय बदलला. विचारलं, आजकाल सिनेमा लागला की टांगा फिरवतात का. म्हटलं, टांगे कुठले आता, ऑटो फिरवतात, वर भोंगा लावून. "माणूस उभा करतात का त्यावर, सजवून?" म्हटलं, करतात कधी कधी, हौशी मॅनेजर असला तर. तिने मान डोलावली, जणू हिशेब बरोबर आला. मग जरा वेळाने म्हणाली की मी पिक्चर पाहिला तर तिला येऊन खरं सांगायचं, बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचं नाही. मी म्हटलं, आपण दोघी बरोबरच पाहू. ती हसली... आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

फलकाची वरची फळी लागली तेव्हा आम्ही घाटावर होतो. मला ती दिसली शकूचे दिवस झाल्यावर. नव्या पहारेदाराच्या पाठीवर काळा शेला होता. काळा, चकाकणारा, कातड्याचा. निळा फक्त नावात. चौकात उभी राहून मी त्याच्याकडे बघत राहिले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या चिंतामणीचा कैवार घ्यावासा वाटला. माझा शाईचाही हरलाच होता, पण त्याचं काही नाही. तिला हे खरं सांगायचं होतं आणि सांगायला ती नव्हती.

सिनेमा लागला त्या शुक्रवारी मी गांधीबागेत प्रभाकरकडेच निघाले होते. समोरून भोंग्याचा आवाज आला. ऑटोच्या मागे लाकडी चौकट, चौकटीत एक उंच तरुण उभा, तोंडावर पट्टी, हातात पत्रकं. आणि पाठीवर... ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. ना गडद ना फिका. मी वाट अडवून ऑटो थांबवला. लोक बघायला लागले, मला त्याची लाज वाटली नाही. मी शेल्याची कड हातात घेतली. दुहेरी दुमडून बारीक टीप घातलेली होती. अस्तराचे दोरे सुटतात म्हणून दुमड नेहमी दुहेरी घ्यायची, हे शकूचं. पलंगावर बसून घातलेल्या टाक्यांत मध्येच हात थकल्याचं कळत होतं, तिथे टाके लांब पडले होते. तो तरुण गोंधळून म्हणाला, बाई, ह्या कपड्याचं काही झालं का. मी नाही म्हटलं आणि त्याला जाऊ दिलं.

प्रभाकरने मग सांगितलं. ताईने थिएटरच्या मॅनेजरला घरी बोलावून घेतलं होतं. तो बिचारा कुठलं मोठं काम असेल म्हणून आला होता. ती त्याला म्हणाली की मुंबईवाल्यांनी आत काय दाखवायचं ते दाखवावं, त्यायचा पिक्चर, त्यायचा अंधार. पण रस्त्यावर आपल्या गावातला पहारेदार आपल्या कपड्यातच फिरेल. "ताईनं मले कबूल करवून घेतलं," प्रभाकर म्हणाला, "की हे तुम्हाले आधी सांगाचं नाही. म्हने नलूले रस्त्यात दिसू दे, उन्हात."

सिनेमा मी पाहिला. वाईट नव्हता. आरशातून येण्याची करामत खरोखर चांगली जमली आहे, लोहार विदूषक नाही, दर्पणा बर्फात नाचली. पुलाचं नाव नाही. शकूला जसंच्या तसं सांगितलं असतं. फार दिवस चालला नाही. उतरला तेव्हा मॅनेजरने शेला धुऊन, इस्त्री करून दुकानात परत पाठवला. प्रभाकरने तो दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे. काउंटरपाशी आता त्याची बायको असते. ती अजून चाचपडते, फळीकडे बघून ठाण शोधते, पण गिऱ्हाईक घेऊन ओट्यावर मात्र जाते.

परवा गेले होते. खिळ्यावरून शेला काढला आणि बाहेर उजेडात धरला. चार आठवडे उन्हात फिरून वरच्या बाजूचा रंग थोडा उडाला आहे, आतली बाजू तशीच आहे. तो वाचला का, असं मला कोणी विचारलं नाही, तरी मी प्रभाकरच्या बायकोला ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पुलापर्यंत आले तशी ती हातातलं ठाण खाली ठेवून म्हणाली, "मंग वं? पुढं काय झालं?"